जिभेवर नेमकं काय घडतं? चवीच्या रिसेप्टरांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळांतून विज्ञानावर बोलायला जाण्याचा माझा जुना परिपाठ आहे. विषय चवीचा निघाला की तासाची घंटा कोणाला ऐकू येत नाही. गोव्यातलं फोंडा असो, डिचोली असो की पेडणे, प्रश्न थोडेफार तेच असतात, आणि मुलांपेक्षा त्यांच्या आया जास्त विचारतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. मराठी पाठ्यपुस्तकांत रिसेप्टरला ‘ग्राही’ म्हणतात. इथे रिसेप्टरच लिहितो, कारण डॉक्टरही तेच म्हणतात.

आरशात जिभेवर दिसणारे लाल ठिपके म्हणजेच रिसेप्टर का?

नाही. ते ठिपके म्हणजे रसांकुर, जिभेच्या कातडीचे बारीक उंचवटे. त्यांच्यात रुचिकलिका दडलेल्या असतात. एका रुचिकलिकेत साधारण ५० ते १०० पेशी लसणाच्या गड्ड्यासारख्या दाटीवाटीने बसतात, आणि वरच्या टोकाला एक बारीक छिद्र असतं. लाळेत विरघळलेला पदार्थ त्या छिद्रातून आत गेला तरच पेशींना भेटतो. म्हणून कोरड्या जिभेवर खडीसाखर ठेवली तर क्षणभर काहीच कळत नाही.

रिसेप्टर, म्हणजे पदार्थाचा रेणू ओळखणारा भाग, त्या पेशींच्या पटलात, म्हणजे बाहेरच्या आवरणात असतो. तो एक प्रथिन आहे, म्हणजे एकच मोठा रेणू, आणि आपल्या शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून तो कधीच दिसणार नाही. या पेशी फार जगत नाहीत. दहा-पंधरा दिवसांत जुन्या मरतात आणि नव्या येतात. गरम चहाने जीभ भाजली तरी चव परत येते ती त्यामुळे.

जिभेच्या टोकाला गोड, मागे कडू, कडेला आंबट, हे खरं ना?

खोटं. १९०१ साली हेनिग या जर्मन संशोधकाने जिभेच्या वेगवेगळ्या भागांतल्या संवेदनक्षमतेचा अगदी थोडा फरक मोजला होता. पुढे १९४२ मध्ये एडविन बोरिंग यांच्या पुस्तकातल्या आलेखावरून त्या थोड्या फरकाच्या सीमारेषा झाल्या आणि नकाशा जगभर पसरला. रुचिकलिका असतील तिथे सगळ्या चवी कळतात. कारल्याचा तुकडा जिभेच्या टोकावर ठेवून बघा, शंका फिटेल.

साखर गोड लागते म्हणजे त्या क्षणी आत नक्की काय होतं?

हा मुख्य प्रश्न, तेव्हा जरा सावकाश.

गोडाचा रिसेप्टर दोन प्रथिनांची जोडी असतो: टी१आर२ आणि टी१आर३. ही जोडी २००१ च्या सुमाराला उलगडली. दोघांचाही मोठा भाग पेशीबाहेर, लाळेत डोकावत असतो. पुस्तकांत इथे कुलूप-किल्लीची उपमा येते. मला ती आवडत नाही, कारण किल्ली घातल्याने कुलपाचा आकार बदलत नाही. त्यापेक्षा तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, डोळ्यांसमोर आणा. मांडवीच्या वाळूतून काढलेली जिवंत तिसरी दोन शिंपल्या थोड्या उघड्या ठेवून बसते आणि आत काही आलं की मिटते. बाहेरचा हा भाग तसाच दोन पाळ्यांचा आहे. साखरेचा रेणू मध्ये बसला की पाळ्या त्याच्यावर मिटतात. ती हालचाल खाली पटलात रुतलेल्या भागाला पीळ देते आणि पेशीच्या आतल्या बाजूला रिसेप्टरचा आकार बदलतो. साखर स्वतः आत जात नाही. आत जातो तो फक्त धक्का.

आत गस्टड्यूसिन नावाचं प्रथिन त्या धक्क्याची वाट बघत असतं. १९९२ मध्ये ते सापडलं, आणि त्याचं नाव डोळ्यातल्या ट्रान्सड्यूसिन या भावंडावरून ठेवलं. धक्का बसला की त्याचे दोन भाग सुटे होतात. एक भाग फॉस्फोलायपेज सी या विकराला (एन्झाइमला) जागं करतो. ते विकर पटलातलं एक मेद कापून आयपी३ नावाचा छोटा रेणू मोकळा करतं. आयपी३ पेशीच्या आतल्या कॅल्शियमच्या कोठारावर जाऊन तिथली दारं उघडतो आणि पेशीत कॅल्शियमचा लोंढा येतो. कॅल्शियममुळे टीआरपीएम५ नावाची वाहिनी, म्हणजे पटलातलं आयनांसाठीचं दार, उघडते, तिच्यातून बाहेरचा सोडियम आत घुसतो आणि पेशीच्या पटलावरचा विद्युतभार उलटतो. शेवटी काल्म१ आणि काल्म३ यांची मोठी भोकं उघडून एटीपी बाहेर पडतं. आपण शाळेत ‘पेशीचं ऊर्जेचं चलन’ म्हणून घोकलेलं तेच एटीपी इथे निरोप्याचं काम करतं. शेजारच्या चेतातंतूला ते भेटलं की निरोप मेंदूकडे निघतो.

एवढं सगळं सेकंदाच्या आत होतं. मणगण्याचा (चणाडाळीच्या खिरीचा) पहिला घास गिळायच्या आधीच ‘गोड कमी पडलं’ असं म्हणणारे आपल्या घरात असतातच.

मग शुगर-फ्री गोळी इतकी कमी टाकूनही गोड कशी?

अ‍ॅस्पार्टेम साखरेच्या सुमारे २०० पट गोड. त्याचा रेणू टी१आर२ च्या त्याच खाचेत साखरेपेक्षा घट्ट बसतो, म्हणून थोडा पुरतो. सायक्लामेट तर त्या खाचेत जातही नाही, ते टी१आर३ च्या पटलातल्या भागाला जाऊन चिकटतं. दार पुढचं असो की मागचं, धक्का तोच. सॅकरीन आणि स्टीव्हियाचे रेणू मात्र जाता जाता कडूचे एक-दोन रिसेप्टरही चाळवतात. तोंडात मागे राहणारी ती विचित्र कडसर चव तिथून येते. चहावाल्याने काही मिसळलेलं नसतं.

कडूला इतके प्रकार का? किरायतं वेगळं, कारलं वेगळं.

गोडाला एक जोडी पुरते, कडूला माणसाकडे सुमारे २५ रिसेप्टर आहेत. त्यांचं कुटुंब टी२आर, २००० साली ओळखलं गेलेलं. कारण सोपं आहे: ऊर्जा देणाऱ्या साखरा मोजक्या आहेत, पण वनस्पतींनी स्वतःला वाचवण्यासाठी तयार केलेली विषारी द्रव्यं हजारो, आणि एकाचा आकार दुसऱ्यासारखा नाही. काही टी२आर फक्त ठरावीक रेणू ओळखतात, काही कोणालाही दारात उभे करतात. तापात आजी जबरदस्तीने पाजते त्या हिरव्या किरायत्यातला अँड्रोग्राफोलाइड टास२आर५० या, टी२आर कुटुंबातल्याच, रिसेप्टरला जागं करतो. कारल्यातली कडू द्रव्यं वेगळ्या घराण्यातली.

पण गंमत अशी की एकेका कडू-पेशीवर यातले कितीतरी रिसेप्टर एकत्र असतात आणि आतली साखळी सगळ्यांची एकच, गोडाचीच: गस्टड्यूसिन, कॅल्शियम, टीआरपीएम५, एटीपी. त्यामुळे मेंदूला फार बारकावे कळत नाहीत. ‘कडू आहे, थुंक’ एवढंच कळतं. किरायतं आणि कारलं वेगळं वाटतं त्यातलं बरंचसं श्रेय वासाला आणि तोंडातल्या स्पर्शाला आहे.

कडूपणा कारल्यात असतो की आपल्यात?

हे एका नववीतल्या मुलीने विचारलं होतं. त्या दिवशी तिच्या बाई तिला गप्प बसवत होत्या.

उत्तर एका प्रयोगात आहे. २००५ च्या सुमाराला चार्ल्स झुकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे उंदीर तयार केले ज्यांच्या गोड-पेशींवर माणसाचा एक कडू रिसेप्टर बसवला होता. मग त्यांना आपल्याला कडू लागणारं द्रव्य पाण्यातून दिलं. उंदीर ते साखरपाण्यासारखं आवडीने प्यायले. द्रव्य तेच, रिसेप्टरही कडूचाच, फक्त तो ज्या पेशीवर बसला होता तिची तार मेंदूतल्या ‘हवंय’शी जोडलेली. रेणूला स्वतःची चव नसते. कोणती पेशी जागी झाली त्यावर ती ठरते. ही गोष्ट नीट समजली की या पानावरचं बाकी सगळं सोपं.

आमच्या घरात एकालाच कोबी आणि मुळा कडू लागतो. नाटक आहे का?

बहुधा नाही. १९३१ मध्ये आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाच्या हातून पीटीसी नावाची भुकटी उडाली. शेजारच्या सहकाऱ्याचं तोंड कडू झालं, फॉक्सना काहीच लागलं नाही. २००३ मध्ये त्यामागचं जनुक सापडलं, टास२आर३८. त्या प्रथिनात तीन जागी अमिनो आम्लं वेगळी असली की रिसेप्टर पीटीसीला दाद देत नाही. कोबी, मुळा, मोहरी यांच्या घराण्यात रचनेने पीटीसीशी मिळतीजुळती द्रव्यं असतात. तेव्हा ताटात मुळा टाकणाऱ्या पोराला ओरडण्याआधी त्याच्या आजोबांना विचारा, त्यांनी लहानपणी काय केलं होतं.

चिंच, सोलां (आमसुलं), बिंबली, व्हिनेगर: सगळं आंबटच, पण एकसारखं नाही. का?

इथे मिटणारी तिसरी नाही. आंबटाचा रिसेप्टर ही थेट एक वाहिनी आहे, ओटोप१. ती फक्त प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजन आयन, आत सोडते. ही वाहिनी प्रोटॉन नेते हे २०१८ मध्ये कळलं आणि आंबट चवीतलं तिचं काम २०१९ मध्ये पक्कं झालं. त्याआधी बरीच वर्षं संशयित दुसराच होता. प्रोटॉन धनभारित असल्याने तो आत आला की पेशी उत्तेजित होते आणि चेतातंतूला निरोप जातो.

सगळ्या आम्लांचा प्रोटॉन एकच. फरक आहे तो बाकीच्या रेणूत. चिंचेत टार्टरिक आम्ल, सोलांत हायड्रॉक्सिसायट्रिक, बिंबलीत ऑक्झॅलिक, माडाच्या सुरेच्या व्हिनेगरात अ‍ॅसेटिक. अ‍ॅसेटिक आम्ल अशक्त असतं, म्हणजे त्याचे बरेच रेणू प्रोटॉन न सोडता अख्खेच फिरत असतात. भार नसल्याने ते पेशीपटलातून सरळ आत शिरतात आणि आत गेल्यावर प्रोटॉन सोडतात. पेशी आतून आंबली की पोटॅशियमच्या काही वाहिन्या बंद पडतात आणि उत्तेजना आणखी वाढते. म्हणून सारख्याच पीएचच्या हायड्रोक्लोरिक आम्लापेक्षा व्हिनेगर जास्त आंबट लागतं. (हायड्रोक्लोरिक आम्ल चाखून बघू नका. एकाने प्रयोगशाळेत विचारलं होतं, म्हणून लिहितो.)

गोटी सोड्याची झणझण बुडबुड्यांमुळे येते ना?

बुडबुड्यांचा वाटा वाटतो तेवढा नाही. आंबट-पेशींच्या पृष्ठभागावर कार्बोनिक अनहायड्रेज ४ हे विकर असतं. ते कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांच्यापासून प्रोटॉन तयार करतं आणि पेशी त्याला दाद देते. हे २००९ मध्ये उंदरांवर दाखवलं गेलं. शिवाय नाकातोंडातल्या वेदनातंतूंना तेच आम्ल टोचतं, झणझणीचा मोठा भाग तो. उंच पहाडावर जाणारे गिर्यारोहक अ‍ॅसेटाझोलामाइड घेतात. ते याच प्रकारच्या विकराला रोखतं, आणि त्यांना बीअर मचूळ लागते.

खारट चवीचं काय?

थोडं मीठ आणि जास्त मीठ या जिभेच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थोड्या मिठातला सोडियम एनॅक नावाच्या वाहिनीतून पेशीत जातो आणि पेशी सुखावते. हे उंदरांत २०१० मध्ये स्पष्ट झालं. मीठ फार झालं की कडूच्या आणि आंबटाच्या पेशीही ओढल्या जातात आणि तोंड वाकडं होतं, हे २०१३ मधलं काम. एकच पदार्थ हवाहवासा आणि नकोसा कसा होतो त्याचं हे उत्तर. पेजेबरोबर खाराची एक फोड बरी लागते, चार लागत नाहीत.

आगरवाड्याच्या मिठागरातलं जाडं मीठ पाकिटातल्या मिठापेक्षा किंचित कडसर लागतं, असं जुनी माणसं म्हणतात. त्यांचं बरोबर आहे. न शुद्ध केलेल्या समुद्री मिठात मॅग्नेशियमचे क्षार राहतात, आणि मॅग्नेशियमला टास२आर७ हा कडू रिसेप्टर ओळखतो. रक्तदाबासाठी मिळणारं कमी सोडियमचं मीठ कडवट लागतं त्याचं कारण त्यातलं पोटॅशियम क्लोराईड. पोटॅशियमला एनॅकचा दरवाजा उघडत नाही.

कारल्याला मीठ लावून पिळतात ते फक्त पाणी काढायला?

पाण्याबरोबर काही कडू द्रव्यं जातात हे खरंच. पण राहिलेलं मीठही काम करतं: सोडियम कडूपणा दाबतो. कडू दबला की त्याखाली झाकलेला गोडवा वर येतो. कलिंगडावर आणि कैरीवर मीठ टाकणाऱ्या आज्यांना कोणी हे शिकवलं नव्हतं.

उमामी म्हणजे अजिनोमोटो? आपल्या जेवणात असतो का?

भरपूर असतो, नाव नव्हतं एवढंच. १९०८ मध्ये तोक्योत किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून ग्लुटामेट वेगळं केलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. अजिनोमोटो म्हणजे याच ग्लुटामेटचा क्षार. त्याचा रिसेप्टर म्हणजे टी१आर१ आणि टी१आर३. गोडाच्या जोडीतला एक भिडू तोच, दुसरा बदललेला.

खरी मजा जोडीच्या वागण्यात आहे. ग्लुटामेट शिंपल्यांच्या बिजागरीजवळ बसतो आणि पाळ्या मिटतात, पण लगेच उघडूही शकतात. मासळीच्या मांसात एटीपी मोडून आयएमपी तयार होतं. ते त्याच पाळ्यांच्या ओठांशी बसून त्यांना मिटलेल्या स्थितीत धरून ठेवतं. दोघं एकत्र आले की उमामी कितीतरी पटीने वाढते, नुसत्या बेरजेने नाही. बांगड्यात आयएमपी विपुल, टोमॅटोत आणि कांद्यात ग्लुटामेट. बांगड्याच्या हुमणाची (नारळाच्या रश्श्याची) कालची कढी आज जास्त का रुचते यावर मी भांडायला तयार आहे, पण आयएमपीचा त्यातला वाटा कोणी नाकारू नये. शिवराक (शाकाहारी) घरांनी हिरमुसायचं कारण नाही. पावसाळ्यातल्या अळम्यांतही (रानातल्या मश्रूमांतही) ग्लुटामेट असतं, आणि श्रावणात त्यांच्यासाठी लोक मटणासारखा भाव मोजतात ते उगाच नाही.

शास्त्रात सहा रस सांगितलेत. तिखट आणि तुरट कुठे गेले?

मधुर, आम्ल, लवण, कटु, तिक्त, कषाय. आधी एक घोळ सोडवू: संस्कृतातला ‘कटु’ म्हणजे आपलं तिखट, आणि ‘तिक्त’ म्हणजे आपलं कडू. मराठीत ‘कटु’चं ‘कडू’ होताना अर्थ घसरला. परीक्षेत मुलं इथे हमखास पडतात.

सहातले चार रुचिकलिकेत आहेत. तिखट तिथे नाही. खोला मिरचीतलं कॅप्सेसिन टीआरपीव्ही१ या वाहिनीला उघडतं. ती वेदनातंतूंवर असते आणि एरवी सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या वर उघडते. म्हणून मेंदूला प्रामाणिकपणे वाटतं की तोंड भाजलं. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने ती १९९७ मध्ये शोधली आणि २०२१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, आर्डेम पॅटापुटियन यांच्याबरोबर. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. तेव्हा तांब्याभर पाण्यापेक्षा नारळाच्या रसातली सोलकढी शहाणपणाची.

उर्राक, म्हणजे काजूची दारू, घशाला जाळते तीही याच वाहिनीमुळे. अल्कोहोल तिचा उंबरठा खाली आणतं आणि तोंडाचं स्वतःचं तापमानच तिला गरम वाटू लागतं. त्यात हिरवी मिरची चिरून टाकणाऱ्यांनी त्या वाहिनीवर दोन बाजूंनी हल्ला केलेला असतो.

तेफळांची झिणझिण आणखी वेगळी. तेफळ हे चिनी सिचुआन मिरीचं भावंड. त्या मिरीतलं सान्शूल स्पर्शाच्या तंतूंना चाळवतं, आणि ओठांवर सेकंदाला सुमारे ५० वेळा थरथरल्यासारखं वाटतं असं मोजलं गेलंय. ही चव नसून कंप आहे.

तुरटाला मुख्यतः स्पर्शच म्हणावं लागेल. काजूच्या बोंडूतलं टॅनिन लाळेतल्या वंगणासारख्या प्रथिनांना पकडून त्यांचे गोळे करतं, आणि जीभ टाळूला घासते.

थंड पदार्थात साखर जास्त का घालतात?

टीआरपीएम५ वाहिनी थंडीत सुस्तावते. १५ अंशांवरून ३५ अंशांपर्यंत जाताना ती जोरात चालू लागते, आणि गोड जास्त लागतं. वितळलेलं आइस्क्रीम चाटून बघा. गोडाने तोंड बसेल.

मधुनाशिनीचं पान चघळल्यावर साखर वाळूसारखी लागते. औषधाने जीभ मरते का?

मरत नाही. पानातली जिम्नेमिक आम्लं टी१आर३ च्या पटलातल्या भागाला चिकटून बसतात, त्यामुळे पाळ्या मिटल्या तरी धक्का आत जात नाही. अर्ध्या तासात सगळं पूर्ववत. मीठ आणि लिंबू त्या वेळातही नेहमीसारखे लागतात, यावरून गोडाची व्यवस्था वेगळी आहे हे मुलांना डोळ्यांदेखत पटतं. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी मात्र हा खेळ करू नये, ही वनस्पती रक्तातली साखरही खाली आणू शकते.

सर्दीत चव जाते म्हणजे रिसेप्टर बंद पडतात का?

बहुतेक वेळा नाक बंद पडलेलं असतं. घास चावताना वास घशामागून नाकात चढतो आणि आपण त्यालाच चव म्हणतो. नाक चिमटीत धरून वेलचीचा पेढा खा: गोड लागेल, वेलची गायब. नाक सोडा, वेलची हजर. पण नाक मोकळं असूनही खारट-गोड कळेनासं झालं, किंवा जिभेच्या एकाच बाजूला कळेनासं झालं, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. चवीची एक नस मधल्या कानातून जाते, आणि कानाच्या शस्त्रक्रियेनंतर काहींना तोंडात धातूसारखी चव येते ती त्यामुळे. काही औषधं आणि क्लोरहेक्सिडिनची गुळणीही चव बदलते.

मांजर मासळीवर तुटून पडतं, पण पायसाकडे ढुंकूनही बघत नाही. का?

त्याला गोड लागतच नाही. मांजराच्या कुळात टी१आर२ चं जनुक मोडलेलं आहे, हे २००५ मध्ये कळलं. जोडीतला एकच भिडू उरला, टी१आर३, आणि एकट्याने त्याला साखर पकडता येत नाही. उमामीची जोडी मात्र शाबूत आहे. चवथीला पातोळ्यांच्या ताटावरून उडी मारून मांजर स्वयंपाकघरात काय शोधतं ते आता सांगायला नको. त्या दिवशी बिचाऱ्याला मिळत काहीच नाही.